मिस्त्रींचा नफा

मिस्त्रींच्या हातून वस्तू टाकली जात नसे. चाळीस वर्षं मिक्सर, पंखे आणि शिलाई मशीन दुरुस्त करता करता त्यांनी एवढे सुटे भाग जमवले होते, की मागच्या खोलीत शिरायचं तर आधी पोट आत घ्यावं लागे. बंद पडलेल्या कंपन्यांच्या मिक्सरची झाकणं, आता कुठे मिळत नाहीत अशी रबरी वायसरं, जुन्या रेग्युलेटरची बटणं. "एक दिवस सगळं भंगारात घालणार आहे," असं त्यांची बायको वर्षातून चारदा म्हणायची. घालायची तिची छाती झाली नाही ती नाहीच.

तीन वर्षांपूर्वी घरात सून आली आणि त्या खोलीचं नशीब उघडलं. एकदा तिने मिक्सरच्या एका झाकणाचा फोटो काढून ऑनलाइन दुकानावर टाकला. दुसऱ्या दिवशी ते विकलं गेलं. घेणारी बाई लांबच्या गावची होती, आणि हे झाकण ती सहा वर्षं शोधत होती म्हणे. मिस्त्री त्या दिवशी जेवताना चार वेळा हसले. तेव्हापासून दुकान जे सुरू झालं ते जोरातच. आता महिन्याला पस्तीस-चाळीस पार्सलं जात होती. शेजारीपाजारी, न्हावी, दूधवाला, कोणी भेटलं की मिस्त्री सांगत, "म्हातारपणी धंदा काढला बघा आम्ही, नफ्यात चाललाय!"

आणि आता सोमवारी सून जेवता जेवता म्हणाली होती, "बाबा, मला चष्म्याच्या दुकानात नोकरी मिळतेय. काउंटरवर बसायचं. शनिवारपर्यंत कळवायचंय."

"बघ बाई, तुझी इच्छा," मिस्त्री म्हणाले खरे, पण घास तोंडातल्या तोंडात फिरायला लागला. ही गेली तर दुकान बंद, एवढं त्यांना स्वच्छ दिसत होतं. फोटो कसा टाकतात ते त्यांना येत नव्हतं. गिऱ्हाइकाचा निरोप आला तर तो कुठे उघडायचा तेही माहीत नव्हतं. मुलगा दिवसभर प्रयोगशाळेत, त्याच्याकडून आशा नव्हती. दुरुस्तीचं काम कधीच सुटलं होतं, आणि पुन्हा रिकामं बसायचं मिस्त्रींना नको होतं. पण "जाऊ नकोस" म्हणायला जीभ उचलेना. सासऱ्याने सुनेची मनधरणी करायची म्हणजे जरा अतिच, असं त्यांचं मत होतं.

मग त्यांना युक्ती सुचली. करभरणीचे दिवस होते. गुरुवारी कर सल्लागार बाईंकडे जायचंच होतं. सुनेला बरोबर न्यायचं, वर्षाचा नफा तिच्या डोळ्यांदेखत निघू द्यायचा. एवढा मोठा आकडा बघितल्यावर कोण जाईल चष्मे विकायला? स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन त्यांनी वही काढली आणि तिला नवं कव्हर घातलं.

वहीच्या बाबतीत मात्र मिस्त्रींना मानलं पाहिजे. वर्षभरातला एकही खर्च सुटलेला नव्हता. चिकटपट्टी, खोकी, दोरा, टाचण्या, पेनातली शाई, भंगारवाल्याकडून उचललेला माल, सगळं तारीखवार. पैसे जमा झाले की बँकेच्या पुस्तकातला आकडा शेजारी लाल शाईत.

बाईंचं ऑफिस चपलांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. चष्मा डोक्यावर सरकवून त्यांनी वही चाळली आणि विचारलं, "उत्पन्न किती धरलंत?"

"एक लाख चौऱ्याऐंशी हजार. बँकेत आले तेवढे. पै न् पै."

बाईंनी ऑनलाइन दुकानाने पाठवलेला वर्षाचा कागद पुढे केला. "हे म्हणतात दोन लाख एकतीस."

मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. "बाई, वरचे सत्तेचाळीस हजार मी डोळ्यांनी पाहिलेले नाहीत हो! हिला विचारा!"

"अहो, घाबरता कशाला? गिऱ्हाइकांनी दिले ते सगळे पैसे म्हणजे तुमची विक्री. त्यातून दुकानवाल्यांनी आपलं कमिशन घेतलं, कुरियरचे घेतले, परत आलेल्या मालाचे वळते केले आणि उरलेले तुम्हाला पाठवले. विक्री पूर्ण दाखवायची आणि ही कपात वजा करायची. नुसते हातात आले तेवढेच लिहिलेत तर त्यांचा कागद आणि तुमचा कागद जुळणार नाही. मग घरी पत्र येतं."

"म्हणजे शेवटी एकच ना?"

"आकडा एकच. पण हिशेब दिसला पाहिजे."

मिस्त्रींनी पाणी मागून घेतलं. मग खर्चाची पानं निघाली. खोकी धरली, माल धरला. फोन घरचाही आणि धंद्याचाही, म्हणून त्याचं बिल अर्धंच धरलं. 'चहा' या शब्दावर बाईंचं पेन थांबलं.

"हा कोणी प्यायला?"

"मीच. पण काम करताना."

"तरी तुम्हीच प्यायलात," म्हणत बाईंनी वर्षभराचा चहा खोडला. सून खाली बघून हसली. सगळे मिळून बत्तीस हजार आणखी वजा झाले. राहिले एक लाख बावन्न हजार. मिस्त्रींनी मान ताठ केली आणि सुनेकडे बघितलं. हाच तो आकडा, यासाठीच तिला आणलं होतं.

बाई मात्र कागदाकडेच बघत होत्या. "एवढ्या लहान धंद्यात नफा फारच दिसतोय. फोटो कोण काढतं?"

"सून."

"पार्सलं?"

"तीच."

"गिऱ्हाइकांना उत्तरं, तक्रारी, कुरियरवाल्याची वाट बघणं?"

"सगळं तीच बघते. मला कुठे येतंय?" मिस्त्री कौतुकाने म्हणाले.

"तिला काय देता?"

मिस्त्री मोठ्याने हसले. "घरच्या माणसाला काय द्यायचं!"

बाई हसल्या नाहीत. "मग मिस्त्री, हा नफा नाही. हा हिचा न दिलेला पगार आहे."

सून पर्सची चेन उघडत आणि लावत बसली. मिस्त्रींचे कान तापले. ते घाईघाईने म्हणाले, "मग लिहून टाका की खर्चात. महिना सात हजार म्हणा."

"दिले होते का?"

"नाही."

"मग कसे लिहू? जे दिलंच नाही, त्याचा खर्च होत नाही."

मिस्त्रींनी सही केली. सगळी रक्कम त्यांच्याच नावावर लागली. एवढ्यावर कर बसत नव्हता, पण पहिल्यांदाच त्यांना आकडा मोठा निघाल्याचं वाईट वाटलं.

घरी आल्यावर ते मागच्या खोलीत जाऊन वही उघडून बसले. दिवाळीच्या आधीच्या अठरा तारखेचं पान आलं. त्या दिवशी सुनेला सणसणून ताप होता आणि तिने चौदा पार्सलं बांधली होती. "आमच्या सुनेला कंटाळा म्हणून माहीत नाही," असं त्यांनीच दूधवाल्याला सांगितलं होतं. वहीत त्या दिवशी लिहिलं होतं: चिकटपट्टी, तीन नग. दोन टाचण्यांचीसुद्धा नोंद ठेवणाऱ्या माणसाला घरातलं अख्खं माणूस दिसलं नाही. मिस्त्रींना स्वतःची लाज वाटली. नफा नफा म्हणून ज्या ज्या माणसाला सांगितलं होतं, ते सगळे चेहरे डोळ्यांपुढे आले.

शुक्रवारी सकाळी ते स्वयंपाकघरात आले. सून भाजी चिरत होती, बायको ओट्यापाशी होती. मिस्त्री दारातच उभे राहिले, कारण बसून बोलायचा धीर होत नव्हता.

"सूनबाई, नोकरी घ्यायची की नाही ते तू ठरव. मी आड येणार नाही. पण मागच्या वर्षीचे निम्मे तुझे. शहात्तर हजार. आज बँकेत जाऊन तुझ्या नावावर टाकतो. तू गेलीस तरी, राहिलीस तरी. आणि राहिलीस तर पुढे पगार सुरू."

सुनेचा हात थांबला. बायकोने मागे वळून नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आणि चाळीस वर्षं तुमचा डबा कोणी भरला? ते कुठल्या पानावर लिहिलंय?"

मिस्त्री ओट्यापाशी गेले आणि बायकोच्या हातातलं भांडं घेऊन विसळू लागले. तिने ते घेऊ दिलं, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट झाली.

सुनेने डोळे मनगटाने पुसले. कांदा नव्हता, भेंडी होती. मग ती म्हणाली, "बाबा, पगार नको. पगार तर चष्मेवाला जास्त देतोय."

"मग?"

"भागी. निम्मी. कागदोपत्री. आणि कुठली वस्तू कितीला विकायची, ते मी ठरवणार. ती रेग्युलेटरची बटणं तुम्ही पाण्याच्या भावाने घालवताय. दुनियेत कुठे मिळत नाहीत ती!"

मिस्त्रींना हे झोंबलं. भाव ठरवणं ही त्यांच्या हातातली शेवटची गोष्ट होती, आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाला चार पैसे सोडण्यात त्यांना फार सुख वाटे. ते बराच वेळ तेच एक भांडं विसळत राहिले.

"बाबा, पाणी वाया चाललंय," सून हळूच म्हणाली.

त्यांनी नळ बंद केला. "बरं. ठरव तू."

दुपारी तिने चष्मेवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी ती पार्सलं बांधत होती आणि मिस्त्री शेजारी बसून पत्त्याची लेबलं चिकटवत होते, जरा वाकडी, पण मन लावून. तेवढ्यात एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. पंखे दुरुस्त करणारा कारागीर. त्याला रेग्युलेटरची सहा बटणं हवी होती.

"मिस्त्री, नेहमीच्याच भावात द्या ना. आपली एवढी वर्षांची ओळख."

'हो' मिस्त्रींच्या अगदी ओठांवर आलं होतं. "थांबा हं, विचारतो," म्हणून त्यांनी सुनेकडे बघितलं. तिने मान हलवली. नाही.

"नाही जमत म्हणतायत."

"कोण म्हणतायत? दुकान तर तुमचंच ना?"

"होतं," मिस्त्री म्हणाले, आणि सुनेला ऐकू जाईल एवढा आवाज चढवला. "आता दोघांचं आहे."