यंत्रमानवाला होडीचं तेल

मंडळी, आमच्या मालवणच्या हायस्कूलच्या यंत्रमानवाने अजून पाऊल टाकलेलं नाही, असं विज्ञानाच्या सरांनी आत्ताच सांगितलं. उद्या कुडाळला स्पर्धा आहे आणि तो चालला तरच त्याला स्पर्धेत घेणार आहेत.

खाऱ्या हवेने तारांची टोकं गंजतील, म्हणून नववीतल्या शामलने त्यांना माशाचं तेल फासलं होतं. "बाबा होडयेक लावतत, म्हणान मी हेकाय लायलंय!"

"हो काय दर्यात जातलो गो?" तिच्या वर्गातला दिनेश ओरडला.

तेल वाळलं आणि वीज अडली. दुपारपासून मुलं एकेक टोक पॉलिश पेपरने घासताहेत. आता हात हलतो, पाय नाही. शामल जेवायलाही गेलेली नाही.

मलाही घरी बसवेना, पाय शाळेकडेच वळले. तुम्ही तिला रागावला असता?

सकाळच्या पहिल्या एस्टीने यंत्रमानव निघेल. चालत चढला तर ठीक, नाहीतर शामलच्या कडेवर.