ब्लीचिंग, ॲसिड आणि आत्तींची हाक

आमच्या वाडीत फोन लागत नाही असं म्हटलं की आमचे हे चिडतात. लागतो की, म्हणतात. लागतो, पण त्यासाठी टेकाडावरच्या जांभळीखाली जाऊन उभं राहावं लागतं, आणि तिथं पोचेपर्यंत अशी धाप लागते की काय बोलायचं होतं तेच आठवत नाही. जोयडा तालुक्यातल्या जंगलात, कन्नड मुलखात, गुंदच्या पुढं, दिग्गीच्या अंगाला आमची सात घरं. मध्ये भाताची खाचरं आणि एक ओढा. ओढ्याच्या अल्याड तीन घरं, पल्याड चार. या सात घरांचा सगळा निरोप-सांगावा चालायचा तो माझ्या सासूच्या गळ्यावर.

सासूला आमच्याकडे आत्ती म्हणतात. आमच्या आत्ती उंचीला पाच फुटांच्या आतच, पण अंगणाच्या कडेला उभं राहून, कानावर हात ठेवून त्यांनी हाक घातली की पल्याडच्या चारही घरांतली माणसं ओसरीवर यायची. "बस यायलीय गेऽऽ!" "गवे उतरल्यात होऽऽ!" "तुजी म्हस हिकडं आलीय, घिऊन जाऽऽ!" मी रामनगरची, बाजारपेठेच्या गावात वाढलेली. लग्न होऊन आले तेव्हा पहिला महिनाभर मला वाटत होतं की या बाईचं सगळ्या वाडीशी भांडण आहे.

आणि मी कोण? मी बारावी सायन्स. हे मी त्या काळात कुणी विचारो न विचारो, सांगत असे. वाडीत दुसरं कुणी सायन्सवालं नव्हतं. त्यामुळं पंप बंद पडला, कोंबडी अंड्यावर बसेना, पोराला पुरळ उठलं, की लोक मला विचारत आणि मी बेधडक उत्तर देत असे. वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय.

चारेक वर्षांपूर्वी आम्ही घरामागं पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. नदी बघायला, जंगल बघायला माणसं येऊ लागली होती, म्हटलं चार दिवस आपल्याकडेही राहतील. दिवाळीच्या सुट्टीत बेळगावचं एक कुटुंब येणार होतं, आमचे पहिलेच पाहुणे. पण खोल्या पावसाळाभर बंद होत्या. न्हाणीघर उघडलं तर पांढऱ्या फरशीवर हिरवं शेवाळ, आणि नळाखाली आमच्या पाण्याचे ते लाल ओघळ. आत्तींनी दारातूनच बघितलं आणि म्हणाल्या, "पावणी ह्ये बगून बोचकं न सोडताच परत जातील."

मी कंबर कसली. विहिरीत टाकायला पंचायतीनं दिलेली ब्लीचिंग पावडर अर्धी पिशवी शिल्लक होती. बाजारातून ॲसिड आणलं. ते दुकानदारानं सरबताच्या जुन्या बाटलीत भरून दिलं, वर चिठ्ठी नाही, नाव नाही. "जपून वापरा," तो म्हणाला. मी म्हटलं, मला सांगू नका, मी सायन्सची.

दुपारी आम्ही दोघी आत शिरलो. खिडकीला आधीच पोतं कोंबलेलं होतं, कारण वांदरं तिथून हात घालून साबण पळवतात. आत्तींनी तोंडाला पदर बांधला. मी ओढणी बांधली, दोन पदरी, आणि वर पाण्यात भिजवून. ओल्या फडक्यातून काही आत येणार नाही, हे माझं शास्त्र. ब्लीचिंग भुरभुरून आम्ही काथ्यानं घासलं. हिरवं गेलं, लाल हटेना. मग मी विचार केला, दोन जोरदार वस्तू एकत्र आल्या तर जोर दुप्पट होईल. आणि त्या पावडरीवरच बाटली ओतली.

फसफसलं. पिवळसर धूर उठला आणि असा वास, की नाकात कुणी काडी घातल्यासारखं झालं. आत्ती मात्र खूश. "लागू झालं बग!" असं म्हणून त्यांनी दार ओढलं आणि आतून घट्ट कडी घातली.

आता यात आत्तींचं काय चुकलं? त्यांची केळी सगळ्या पंचक्रोशीत नावाजलेली. घड खड्ड्यात ठेवायचा, गोवरीचा धूर आत सोडायचा आणि वरून माती लिंपून टाकायची. धूर बाहेर गेला की केळं कच्चं राहिलं, हे त्यांनी पन्नास वर्षं बघितलेलं. इथंही धूर, तिथंही धूर. चांगला कोंडला तर चांगलं काम करील. त्यांना नाही म्हणायला मी तिथं होते ना, बारावी सायन्स. पण मलाही ते पटलं.

आत्ती पुन्हा खाली बसून घासायला लागल्या. किती वेळ गेला कोण जाणे, फार नसेल. माझे डोळे मिटायला लागले, घशात मिरची पेटली, आणि श्वास आत जाता जाताच अडायला लागला. कडी सापडेना. चाचपून, ओरबाडून ती काढली, आत्तींना दंडाला धरून ओढलं आणि आम्ही दोघी खोकत खोकत अंगणात येऊन पडलो.

आमचे हे खालच्या खाचरात भात कापत होते. आत्ती सवयीनं उठल्या, कानावर हात ठेवला, तोंड उघडलं. आवाजच आला नाही. नुसता वारा. मी ओरडून बघितलं, पण माझा आवाज गोठ्याच्या पलीकडं गेला नाही. शेवटी गव्यांना हुसकायला ठेवलेला पत्र्याचा डबा घेतला आणि काठीनं बडवत सुटले.

हे कोयता परजत धावत आले. "कुटं हायत गवे?"

मी न्हाणीघराकडं बोट केलं. त्यांनी दारातून बाहेर येणारा तो पिवळा धूर बघितला, आत पाऊलही टाकलं नाही. आधी आम्हा दोघींना उचलून अंगणाच्या वरच्या टोकाला नेलं, जिथून वारा येत होता, आणि घागरभर पाण्यानं आमचे डोळे धुतले. हे मधाची पोळी काढतात. "पोळ्याखाली धूर केला की वाऱ्याच्या वरल्या अंगाला हुबारायचं," ते म्हणाले, "ह्ये तुला सायन्सात शिकवलं न्हाई व्हय?"

जीप काढून त्यांनी आम्हाला जोयड्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कन्नड बोलणाऱ्या, पण मराठीही नीट येत होती. आत्तींच्या तोंडावर ऑक्सिजन लावला, मग वाफेचं मशीन. आणि मला विचारायला लागल्या.

"दोन्ही एकत्र ओतलं?"

"हो."

"खिडकी?"

"पोतं."

"दार?"

"कडी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, या दोन्हींतून क्लोरीन निघतो. फडक्यानं धूळ अडते, हा वायू अडत नाही, ओलं केलं म्हणून तर मुळीच नाही. ब्लीचिंगमध्ये साधं पाणी सोडून दुसरं काही घालायचं नाही. वापरायचं तेव्हा दार-खिडकी उघडी, आणि घसा नुसता चुरचुरला तरी सगळं तिथंच टाकून बाहेर. मी मान हलवत होते. क्लोरीन! बारावीच्या पुस्तकात तो होता आणि मला त्यावर चांगले मार्क पडले होते. न्हाणीघरात समोर आला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही.

मी दिवसभरात सावरले. आत्तींना जास्त लागलं, कारण तो वायू जड, खाली बसतो, आणि त्या खाली बसून घासत होत्या. "आवाज येईल ना?" मी विचारलं. सूज उतरली की येईल बहुतेक, बाई म्हणाल्या, पण पहिल्यासारखा किती, ते आज सांगता येणार नाही. मग आत्तींकडं वळून, "पंधरा दिवस माताड बेडा, अम्मा." अजिबात बोलायचं नाही. आत्तींनी शहाण्या मुलीसारखी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी घरी आलो तर वाडी अंगणात जमलेली. पल्याडची माझी चुलत जाऊ, तिला मी अक्का म्हणते, ती सगळ्यांत पुढं. "डबा का वाजत हुता गे?"

"गवे आले होते."

"भर दुपारी?"

"चुकून आले असतील."

"आनि आत्तीच्या गळ्याला काय झालं?"

"थंडी बाधली," मी म्हटलं.

यांनी माझ्याकडं बघितलं. आत्तींनीही बघितलं, पण त्यांना बोलायची बंदी होती, आणि त्या बंदीचा मी फायदा घेतला. वाडीतल्या एकुलत्या एक सायन्सवालीनं सासूला न्हाणीघरात कोंडून गॅस दिला, हे कुठल्या तोंडानं सांगू? आज लिहितानाही मला लाज वाटते. पण त्या दिवशीची लाज निराळी होती, ती फक्त माझी अब्रू सांभाळत होती.

मग वाडीचे हाल सुरू झाले. बस आली कधी, गेली कधी, कुणाला कळेना. एका संध्याकाळी गवे उतरले, कुणी हाकारलं नाही आणि अक्काचं एक खाचर आडवं झालं. "आत्ती असती तर," म्हणून ती हळहळली. आत्ती तिच्यासमोर बसून वाल सोलत होत्या. मी त्यांच्या जागी उभी राहून हाक घालून बघितली, तर पलीकडून कुणीतरी विचारलं, "कोंबडीस मुंगसानं धरलंय काय?" आत्तींचे खांदे गदागदा हलले. हसू आलं, त्यातून खोकला आला, आणि मी पाणी आणायला धावले.

न्हाणीघर चार दिवस सताड उघडं ठेवलं. साबण पळवायचा तर पळवा म्हटलं वांदरांना. मग भरपूर पाणी मारून सगळं धुऊन काढलं, आणि नंतर आत्तींनी खुणेनं दाखवलं तशी भिरंडाची, म्हणजे कोकमाची, सुकी सालं भिजवून त्या लाल ओघळांवर घासली. बरेचसे गेले. उरले ते राहू दे. ॲसिडच्या बाटलीवर मी ठळक चिठ्ठी चिकटवली आणि ती अंगणाच्या एका टोकाला कुलपात ठेवली, ब्लीचिंग दुसऱ्या टोकाला. पाहुणे आले, केळी खाऊन खूश झाले आणि जाताना त्यातल्या बाई मला म्हणाल्या, "तुमच्या सासूबाई किती शांत आहेत हो!" हे तोंड फिरवून जीप पुसायला लागले.

सोळाव्या दिवशी सकाळी आत्ती अंगणाच्या कडेला गेल्या. कानावर हात ठेवला. खरखर आली, रिकाम्या पिपात खडा टाकल्यासारखी. पुन्हा घातली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर तेवढंही नाही. त्या आत आल्या, चुलीपुढं बसल्या आणि घोगऱ्या कुजबुजीत म्हणाल्या, "ग्येला गे." एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी गोठ्यामागं जाऊन पोटभर रडले.

त्यानंतर आठ-दहा दिवस त्यांनी हाक घातली नाही. घरात हळू बोलायच्या, अंगणाच्या त्या कडेला जायच्या नाहीत.

एक दिवस ऊन चढल्यावर आम्ही दोघी अंगणात भात वाळत घालत होतो. मी मान वर केली तर पल्याड अक्का दिसली. आमचं बघून तिनंही उन्हाळ्यातच पाहुण्यांसाठी खोली बांधली होती, आणि तीही पावसाळाभर बंद होती. तोंडाला टॉवेल बांधलेला. एका हातात पंचायतीची ती पांढरी पिशवी, दुसऱ्या हातात सरबताची बाटली. ती नव्या न्हाणीघरात शिरली आणि दार लागलं.

तिला कोण सांगणार होतं? मी तिला थंडी सांगितली होती.

मी सूप टाकलं आणि पळत सुटले. बांधावरून ओरडले, "अक्का! अक्का गे!" कुणी ऐकलं नाही. पल्याड जायला दहा मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ नव्हता हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? ओढ्यात उतरले, दगडावरून पाय घसरला आणि पाण्यात बसले. आणि तेवढ्यात माझ्या मागून, डोक्यावरून हाक गेली.

"दाऽऽर उघड गेऽऽ!"

पहिला शब्द फाटका आला. दुसऱ्यापासून तोच आवाज, तोच, समोरच्या डोंगरावर आपटून परत येणारा. अक्काचंच नाही, पल्याडच्या चारही घरांची दारं उघडली. अक्का टॉवेल ओढत बाहेर आली. बाटली हातात होती, बूच अजून लावलेलंच होतं.

"कशाला गे आत्तीऽऽ?"

मी मागं वळून बघितलं. आत्ती अंगणाच्या कडेला उभ्या होत्या, कानावर हात. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "सांग की आता तिला," म्हणाल्या.

मी पाण्यातून उठून ओरडले, की ते दोन एकत्र घालू नकोस. अक्का म्हणाली, "क्काय?"

"तू बोल," आत्ती वरून म्हणाल्या, "मी पोचवतो."

मग मी ओढ्यात उभी राहून एकेक वाक्य बोलले आणि त्यांनी एकेक वाक्य सगळ्या दरीला ऐकवलं. ब्लीचिंगवर ॲसिड वतू नकाऽऽ. ईषारी वारा हुतोयऽऽ. फडक्यानं थांबत न्हाईऽऽ. दार कोंडू नकाऽऽ. इथवर माझं होतं. पुढचं त्यांनी स्वतःच्या पदरचं घातलं. थंडी न्हवती बाधलीऽऽ! गवे बी न्हवतेऽऽ! ही माजी सून खोटं बोललीऽऽ! बारावी सायन्स हाय हीऽऽ!

सात घरं हसत होती. वाडीत माझी एवढी शोभा त्याआधी कधी झाली नव्हती आणि त्यानंतरही नाही. गुडघाभर पाण्यात उभी राहून मी ती शब्दन् शब्द ऐकली. एकाही शब्दाला आत्तींचा आवाज फाटला नाही.