प्रवचनातली गाळलेली पानं

हैदराबादला नारायणगुड्यात शाळेच्या गणवेशांचं एक दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर बँडच्या सरावासाठी खोली मिळायची. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, एक ड्रमसेट, तीन अँप्लिफायर आणि आवाज करणारा पंखा. आधीचे लोक आत असले की नंतरच्यांनी जिन्याजवळच्या बाकावर थांबायचं. मी तिथे ड्रम शिकायला जात होते. वय एकतीस होतं आणि घरी सांगितलेलं नव्हतं.

त्या बाकावर तो पहिल्यांदा दिसला. अंगात एका नॉर्वेजियन बँडचा काळा टी-शर्ट. त्या बँडचं नाव इतक्या काटेरी अक्षरांत लिहिलेलं असतं की चाहत्यांनाही ते धड वाचता येत नाही. पायाशी बेस गिटार आणि मांडीवर झेरॉक्सचा गठ्ठा. वरच्या पानावर सोळाव्या शतकातल्या जर्मनीचा नकाशा होता. तोच नकाशा त्या आठवड्यात माझ्या टेबलावर होता.

"पेपर कधी आहे?" मी विचारलं.

"सोमवारी." त्याने मान वर करून माझ्या हातातल्या ड्रमच्या काड्यांकडे पाहिलं. "तुमचा?"

"बुधवारी. तुला सगळं येतं का यातलं?"

"देवाचं येतं. राजांचं नाही येत."

"मला राजांचं येतं."

"मग बसा ना, अक्का," असं म्हणून तो बाकावर सरकला. तेलुगूत अक्का म्हणजे थोरली बहीण. पुढची दोन वर्षं त्याने मला दुसऱ्या कोणत्याही नावाने हाक मारली नाही.

तो एका खेड्यातल्या पाळकाचा मुलगा. सिकंदराबादला ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात शिकत होता, पुढे स्वतः पाळक होण्यासाठी. मी एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या डेस्कवर सात वर्षं बातम्या संपादित केल्यावर नोकरी सोडून तारनाक्याजवळच्या विद्यापीठात इतिहासात एम.ए. करत होते. आमचं घर तारनाक्यालाच. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळ गाव जुन्या हैदराबाद संस्थानातल्या मराठी जिल्ह्यात. घरात मराठी बोलतो, पण भाजीवाल्याशी तेलुगू आणि रिक्षावाल्याशी दखनी उर्दू. त्याच्याशी मी तिन्ही एकत्र बोलायचे.

आठवड्यातून एकदा, दुपारी, विद्यापीठाच्या दगडी पायऱ्यांवर आम्ही अभ्यासाला बसायचो. एकच इअरफोन दोघांत. एका कानात गिटार, दुसऱ्या कानात समोरच्याचं बोलणं. युरोपातली धर्मसुधारणा, म्हणजे पोपच्या चर्चपासून झालेली फूट, हा दोघांच्याही अभ्यासक्रमाचा भाग होता, पण माझ्या पुस्तकांत ती छापखाना, कर आणि राजे-सरदार यांची गोष्ट होती. त्याच्या पुस्तकांत ती एका मठवासी जर्मन प्राध्यापकाच्या घाबरलेल्या मनाची गोष्ट होती.

"तुमच्या इतिहासात देव कुठे असतो, अक्का?"

"तळटीपेत."

"आमच्यात राजे तळटीपेत असतात. हिसाब बराबर."

धर्मसुधारणेतल्या वादाचा गाभा त्याने मला बेस गिटारवर समजावला. माणूस कितीही उपास, यात्रा, दानधर्म करो, त्याने क्षमा मिळवता येत नाही. ती फुकट दिलेली असते, विश्वासाने घ्यायची असते. "बघा, सराव रोज करायचाच. पण ज्या दिवशी चौघांचं एकदम जमतं, त्या दिवशी ते सरावाने जमलं असं वाटतं का?"

"सरावानेच जमतं."

"गेली! अक्का रोमला गेली!" म्हणजे पोपच्या बाजूला, असं तो ओरडला. पायऱ्यांवरची दोन मुलं वळून बघायला लागली.

त्याच्या शेवटच्या वर्षात चाचणी प्रवचनाची वेळ आली. त्या महाविद्यालयात पद्धत अशी की विद्यार्थ्याने चॅपलमध्ये तिघांसमोर प्रवचन द्यायचं. प्राचार्य, एक शिक्षक आणि धर्मप्रांताकडून आलेला एक ज्येष्ठ पाळक. पंधरा मिनिटं झाली की घंटा वाजते. तिघांना पटलं तर दीक्षेसाठी शिफारस, नाही तर नाही. शिफारशीशिवाय तो पाळक होऊ शकत नव्हता. त्याच्या वडिलांनी गावातल्या मंडळीला मुलाच्या दीक्षेची बातमी आधीच देऊन टाकली होती.

त्याने इंग्रजीत लिहिलेलं प्रवचन मला वाचून दाखवलं. घड्याळ लावलं होतं. चाळीस मिनिटं झाली तरी शेवट आला नव्हता.

"कापा," तो म्हणाला. "तुम्ही सात वर्षं तेच केलं ना."

मी ते घरी नेलं आणि डेस्कवर कापायचे तसं कापलं. डेस्कचे नियम साधे असतात. प्रत्येक विधानाला कोणाचा तरी आधार हवा. विशेषणं जातात. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायचं नाही. आणि बातमीदार बातमीत दिसता कामा नये.

मधली दोन पानं त्याच्या स्वतःविषयी होती. तो तेरा वर्षांचा असताना आई फार आजारी पडली. त्याने शुक्रवारचे उपास धरले आणि ती बरी झाली. आपल्या उपासांनी ती वाचली असं त्याने मनात पक्कं केलं, आणि मग ते सोडायची भीती वाटू लागली. सोडले तर ती मरेल. सहा वर्षं एकही शुक्रवार चुकला नाही. मग वसतिगृहातल्या एका मित्राने एका शुक्रवारी दुपारी त्याच्या कानांवर हेडफोन ठेवले. गाणं बरंच लांब होतं, नुसत्या वाद्यांचं. ते संपल्यावर त्याच्या लक्षात आलं की इतका वेळ तो घाबरलेला नव्हता आणि त्या बदल्यात त्याच्याकडे कोणी काही मागितलं नव्हतं. कृपा या शब्दाचा अर्थ आपल्याला तिथे पहिल्यांदा कळला, असं त्याने लिहिलं होतं.

मी त्या दोन पानांवर तिरकी रेघ मारली आणि समासात लिहिलं, "वैयक्तिक. गाळा."

कापलेला मजकूर त्याने पायऱ्यांवर बसून वाचला. त्या रेघेपाशी तो थोडा थांबला. "हौ. पंधरा मिनिटंच आहेत," म्हणाला आणि पान उलटलं. पुन्हा वेळ लावली. चौदा मिनिटं वीस सेकंद. मला समाधान वाटलं, जसं वर्तमानपत्राचं पान वेळेत छपाईला सुटलं की वाटायचं.

चाचणीला बाहेरच्यांना मागच्या बाकावर बसता येत होतं. मी बसले. तो इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात उभा राहिला आणि त्याने सगळं एकदाही न अडखळता वाचलं. घंटा वाजवायची गरज पडली नाही. प्राचार्यांनी मान डोलावली.

धर्मप्रांताकडून आलेल्या वृद्ध पाळकांनी कानातलं यंत्र नीट केलं. "बाबू, भाषा फार स्वच्छ आहे," ते म्हणाले. "यात बायबलातल्या प्रेषिताचा विश्वास आहे. त्या जर्मन माणसाचा आहे. तुमच्या शिक्षकांचाही आहे, मला दिसला. तुमचा कुठल्या पानावर आहे?"

त्याने खरोखर पानं उलटली. पहिल्यापासून शेवटापर्यंत, मग परत पहिल्यापर्यंत. चॅपलमध्ये फक्त कागदाचा आवाज येत होता. त्याने मागच्या बाकाकडे पाहिलं नाही. बघेल म्हणून मी खाली बघत होते.

निर्णय लागला तो असा. आज शिफारस नाही. शुक्रवारी पुन्हा यायचं, कागदाशिवाय बोलायचं. त्या दिवशी नाही जमलं तर विषय संपला.

मधले चार दिवस माझे एका जागी गेले नाहीत. तारनाक्याहून विद्यापीठाच्या फाटकापर्यंत चालत जायचे आणि आत न जाता परत यायचे. ड्रमच्या तासाला हात धावायला लागले. शिक्षकाने दोनदा थांबवून सांगितलं की गाणं पळून चाललेलं नाही. घरी आईने विचारलं, "काय गं, काय हरवलंय का तुझं? किचनमध्ये येतेस, डबे उघडतेस, जातेस. बस की जरा."

"काही नाही."

"काही नाही तर मग बस."

बसले आणि एक पत्र लिहिलं. वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्या पानावर खुलासा छापतात. काय चुकलं, कोणाकडून आणि दिलगिरी, एवढं तीन ओळींत. मला लिहिण्याचा तोच एक प्रकार येत होता. "सदर प्रवचनातील वैयक्तिक अनुभवाचा भाग संपादनात माझ्याकडून गाळला गेला. विद्यार्थ्याने तो मूळ मजकुरात लिहिलेला होता. या चुकीबद्दल दिलगीर आहे." तिघांच्या पत्त्यांवर पाठवायच्या तीन प्रती इंग्रजीत करून घेतल्या आणि गुरुवारी सकाळी सिकंदराबादला त्याच्या वसतिगृहावर गेले.

तो अंगणातल्या नळावर कपडे धूत होता. ओल्या हाताने पत्र धरून त्याने वाचलं.

"मराठीत पण असंच लिहिता का तुम्ही? इतकं थंड?"

"पाठवू?"

"नक्को."

"का? चूक माझी आहे. त्यांना कळायला हवं."

"कळून काय? प्रवचन दुसऱ्याने लिहिलं म्हणतील. और मरूंगा मैं."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सात वर्षं दुसऱ्यांचे मजकूर दुरुस्त करताना, मजकूर दुरुस्त करणं हाच गुन्हा ठरेल अशी जागा मला भेटली नव्हती. मी म्हटलं, मग मी काय करू? प्राचार्यांना भेटू? त्याच्या वडिलांना फोन करू? रात्री बसून त्याच्याकडून तयारी करून घेऊ?

"काही नक्को. माफ केलं तुम्हाला. झालं."

"असं कसं झालं?"

त्याने शर्ट पिळला आणि माझ्याकडे बघत राहिला. मग हसायलाच लागला, पण ते हसू चिडलेलं होतं. "अक्का, दोन वर्षं काय वाचलं आपण त्या पायऱ्यांवर? माफ केलं म्हणतोय तर तुम्ही तीन प्रती घेऊन उभ्या आहात. काहीतरी द्यायचंच आहे तुम्हाला. घ्या ना नुसतं. कायकू इतना तकलीफ?"

मी पत्रं पिशवीत ठेवली. मला बरं वाटलं नाही. त्याने मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

"आणि एक," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता. "तुम्ही ती पानं कापली तेव्हा मी सुटलो. ते सगळ्यांसमोर वाचायची मला भीती होती. तुम्ही रेघ मारली, मला बहाणा मिळाला. परत घालायला मला कोणी अडवलं होतं?"

तो बादलीतलं पाणी ओतायला गेला.

शुक्रवारी मी आत गेले नाही. चॅपलच्या बाजूला एक मोठं झाड आहे, त्याखाली उभी राहिले. खिडक्या उघड्या होत्या. शब्द स्पष्ट येत नव्हते, आवाज येत होता. कागदावरून वाचताना त्याचा आवाज सपाट होता. आज तो मध्येच थांबत होता, मागे जात होता, एकच वाक्य दोनदा बोलत होता. माझ्या डोक्यात आपोआप रेघा पडत होत्या. इथे कापता येईल, इथेही. मी झाडाभोवती चालायला लागले. घंटा वाजली. आवाज चालूच राहिला. बऱ्याच वेळाने घंटा पुन्हा वाजली. मग कोणीतरी प्रश्न विचारत होतं, आणि त्याचा आवाज खाली गेला.

तो बाहेर आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला होता.

"काय झालं?"

"चला. इथे नक्को."

आम्ही फाटकाबाहेर पडलो आणि तारनाक्याच्या दिशेने चालायला लागलो. बसमध्ये बसणं दोघांनाही शक्य नव्हतं. पहिला सिग्नल ओलांडला.

"एक वर्ष," तो म्हणाला. "खेड्यात, एका म्हाताऱ्या पाळकाच्या हाताखाली. मग पुन्हा ऐकतील."

"शिफारस नाही?"

"आत्ता नाही. त्यांनी विचारलं, बाबू, आता भीती गेली का? मी म्हणालो, काल दुपारी नव्हती. आज सकाळी आहे. आज शुक्रवार आहे आणि मी इडली खाऊन आलोय."

"हे सांगायची काय गरज होती?"

"विचारलं ना त्यांनी."

"हो म्हणायचं होतं! एक शब्द होता!"

"हौ," तो म्हणाला. "तोच एक शब्द होता."

मला त्याचा राग आला होता. त्या रागात मी भराभर चालत होते आणि तो मागे पडत होता. रेल्वेच्या पुलाजवळ तो थांबला. त्याने वडिलांना फोन लावला. तेलुगूत बोलला, सरळ, काही न गाळता. नान्ना, झालं नाही. नापास नाही, वर्षभर थांबायला सांगितलंय. कारण विचारलं गेलं असावं, कारण त्याने उपासांचं सांगितलं. आईच्या आजारपणाचं सांगितलं. उपासांमागची ती भीती वडिलांनी आज पहिल्यांदा ऐकली, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

पलीकडून फोन बंद झाला.

तो फोन हातात धरून उभा राहिला. मी पुलाच्या कठड्यापर्यंत गेले, परत आले. खालून एक मालगाडी गेली. मी म्हटलं, परत लाव. तो म्हणाला, नको. मी म्हटलं, मी बोलू का? त्याने नुसती नकाराची मान हलवली.

मालगाडी गेल्यावर बऱ्याच वेळाने फोन वाजला. वडीलच होते. वर्षभर जायचं होतं त्या खेड्याचं नाव त्यांनी विचारलं. त्याने सांगितलं. मग तो ऐकत राहिला, आणि माझ्याकडे बघून हवेत लिहिल्यासारखा हात फिरवला. मी पिशवीतून पेन काढलं. कागद म्हणून हाताला त्या तीन प्रतींपैकी एक आली. तिच्या कोऱ्या बाजूवर त्याने पुलाचा कठडा धरून लिहून घेतलं. कुठल्या स्टँडवरून बस, कुठे बदलायची, दुसरी गाडी चुकली तर कोणाच्या घरी थांबायचं. लिहिताना तो प्रत्येक नाव मोठ्याने परत म्हणत होता, आणि पलीकडून दुरुस्ती येत होती.