मनकर्णाबाईंची ऊब

मनकर्णाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या विभागाच्या दारात. चपला हातात घेऊन उभ्या होत्या. आमच्याकडे कुणी चपला काढत नाही. पहिल्या वर्षाची पोरं चिखलाचे बूट घेऊन थेट प्रयोगशाळेत शिरतात आणि वर मलाच विचारतात, "मॅडम, बायोटेक्नॉलॉजीला स्कोप काय?" त्यामुळे बाईंच्या हातातल्या चपला बघून मला आधी जरा बरंच वाटलं.

"बबिताची आई हाय म्या," त्या म्हणाल्या. "एक इचारायचं व्हतं."

बबिता माझ्या पहिल्या वर्षाच्या वर्गात होती आणि बरेच दिवस आलेली नव्हती. मला वाटलं, लग्न ठरलं असणार. आमच्या वर्गातल्या मुली अशाच गायब होतात आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. मी तुसडेपणानेच म्हटलं, "बसा. विचारा." त्यांनी काय विचारलं ते सांगण्याआधी त्या कोण, ते सांगायला हवं. यातलं बरंचसं मला पुढे बबिताकडून कळलं.

घर पालमकडचं, मेंढपाळाचं. पावसाळा सरला की धोंडीबा, म्हणजे बबिताचे वडील, कळप घेऊन पेडगावच्या शिवारात उतरायचे. लेंडीखत मिळतं म्हणून शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात. जाळीचं कुंपण, तीन दगडांची चूल आणि वर उघडं आभाळ, एवढाच संसार. कळप धोंडीबांचा आणि थोरल्या मुलाचा, मल्हारचा. पण त्यातलं जे नुकतं जन्मलेलं किंवा आजारी, ते सगळं मनकर्णाबाईंचं. ओलं कोकरू त्या घोंगडीत घेऊन पोटाशी धरायच्या आणि ते हालचाल करायला लागेपर्यंत जागच्या उठायच्या नाहीत.

त्यांची पहिली मुलगी अशाच एका मुक्कामावर पौषाच्या थंडीत गेली होती. तिचं नाव ठेवायचंही राहून गेलं होतं. तेव्हापासून आपल्या हाताखालच्या कुठल्याही जिवाला त्यांनी गार काही लागू दिलं नाही. पाणी कोमट, भरडा कोमट. औषधाची बाटलीसुद्धा त्या चुलीतल्या गरम राखेत पुरून ठेवायच्या आणि मगच धोंडीबांच्या हातात द्यायच्या. सुई धोंडीबा स्वतःच टोचायचे. गाभण मेंढीच्या अंगात गार औषध गेलं तर पोटातलं कोकरू गारठतं, असं बाईंचं म्हणणं होतं. त्यावर कधी कुणी वाद घातला नाही, कारण त्यामुळे काही बिघडल्याचं कधी कुणाला दिसलंच नव्हतं.

आता थोडं माझ्या वर्गाबद्दल. पहिल्या वर्षाची सुरुवात मी विरजणाने करते. पुस्तकात आधी व्याख्या दिलेली आहे, पण मला व्याख्येची घाई नसते. प्रत्येकाने घरून दही आणायचं, त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. सजीवाकडून आपलं काम करून घ्यायचं, त्यासाठी त्याला जगवायचं, एवढंच हे शास्त्र. बाकी सगळा तपशील. बबिताने मेंढीच्या दुधाचं दही आणलं होतं. वासावरून मागच्या बाकावर खिदळाखिदळ झाली, तेव्हा मी खिदळणाऱ्या सगळ्यांना ते चमचा चमचा खायला लावलं. पुढे लशींचा धडा आला. काही लशींत रोगाचाच जंतू असतो, जिवंत, पण दुबळा केलेला, आणि त्याला थंडीत जपावं लागतं, हे मी घसा फोडून सांगितलं. माझ्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये डबे ठेवणाऱ्यांनाही तेव्हाच झाडलं. बबिता सगळं मन लावून ऐकत होती.

त्या हिवाळ्यात आसपासच्या कळपांत मर सुरू झाली. नाक-डोळे वाहायचे, तोंडात फोड, मग हगवण, आणि मेंढी आडवी. बबिताने वडिलांच्या मागे लागून लागून त्यांना लशीला तयार केलं. दवाखान्यातून लस घेतली, थर्मासात बर्फ भरून त्यात बाटल्या ठेवल्या आणि एसटीने पेडगावला नेऊन दिल्या. दुसऱ्या दिवशी तिची प्रात्यक्षिक परीक्षा होती. वडिलांना आणि भावाला तिने बजावलं, "सकाळी टोचायच्या येळंलाच बर्फातून काढा," आणि ती संध्याकाळच्या गाडीने परत आली. हे बोलणं झालं तेव्हा मनकर्णाबाई पलीकडे कोकरं पाजत होत्या. त्यांना वेगळं सांगावं असं कुणालाच सुचलं नाही.

सकाळी सगळ्यांच्या आधी त्या उठल्या आणि थर्मास उघडला. गाभण मेंढ्यांना द्यायचं औषध बर्फात बुडलेलं होतं. पावडरची बाटली आणि ती कालवायच्या पाण्याची बाटली, दोन्ही त्यांनी राखेत पुरल्या. धोंडीबांच्या हातात बाटल्या गरमच आल्या. त्या नेहमीच गरम यायच्या.

काही दिवसांतच मर त्यांच्या कळपात शिरली. गाभण मेंढ्या आधी गेल्या. धोंडीबांनी बबिताला बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुज्या कालिजानं माजी मेंढरं खाल्ली. बास झालं आता शिकणं." मल्हारला तिच्यासाठी स्थळ बघायला सांगितलं. बबिता एका शब्दाने उलटून बोलली नाही. लस नेली त्या दिवशी एसटी वाटेत बराच वेळ थांबली होती, आणि आपल्याच हातून चूक झाली अशी तिची खात्री पटली होती. मेलेल्या मेंढ्या पुरताना ती सारखी पुटपुटायची, "बर्फ इतळला असंल."

"इतळला तर काय हुतंय?" आईने विचारलं.

"आतला जीव मरतो, आई."

दुसऱ्या दिवशी बाजाराला जाते म्हणून बाई निघाल्या त्या थेट माझ्या दारात आल्या.

"म्याडम, त्या लशीच्या बाटलीत जीव असतोय म्हणं. खरं हाय का?"

"खरं आहे, मावशी."

"आन् ती गरम राखंत ठिवली तर?"

कसली राख, मला कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं, खाली बघत, एका दमात. गाडीला उशीर झाला असेल, बर्फ वितळला असेल, असं काहीही मी म्हणू शकले असते. पण मग दोष बबिताच्या माथी बसला असता. मी विचारलं, "मावशी, उकळत्या दुधात विरजण घातलं तर दही लागतं का?"

"न्हाई. कसं लागंल? इरजण मरतंय," त्या पटकन म्हणाल्या. आणि थांबल्या.

बाहेर मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा गलका येत होता. बाईंनी पदर तोंडावर धरला. मग म्हणाल्या, "मंजी म्याच मारली."

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

"सांगितलं नसलं तरी मेलीच की."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घसा फोडून शिकवलेल्या त्या धड्याचा मला त्या क्षणी संताप आला. वर्गातल्या पन्नास कानांपर्यंत तो गेला होता, पण चुलीपर्यंत गेला नव्हता.

"बबीचं काय चुकलं न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही. तिनं लस अगदी नीट आणली होती."

"मंग घरी सांगावं लागंल." त्या चपला उचलून उभ्या राहिल्या. "सांगितलं तर मालक मला पुन्हा कोकराला हात लावू द्यायचे न्हाईत. न्हाई सांगितलं तर बबी जाती."

मी बरोबर येते म्हटलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तुमी आलात तर मालक म्हणतील, म्याडमनं पढवून आणली."

त्याच संध्याकाळी त्यांनी सांगितलं. धोंडीबा, मल्हार, त्याची बायको आणि शेजारच्या मुक्कामावरची भावकी, सगळे चुलीभोवती बसले होते. बबिताला रडू फुटलं ते तेव्हा. धोंडीबांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग त्या राखेकडे. शिवी दिली नाही, हातही उगारला नाही. उठून जाळीपाशी जाऊन उभे राहिले आणि तिथूनच मल्हारला म्हणाले, "सकाळी बबीला यष्टीत बसवून दे." त्यानंतर कोकरं सुनेच्या हातात गेली. तसं कुणी सांगितलं नव्हतं. मनकर्णाबाईंनीच घोंगडी तिच्या अंगावर घातली आणि त्या बाजूला झाल्या.

बबिता वर्गात परत आली. एकदा ती मला म्हणाली, "मॅडम, आई कोकरांना शिवतच नाही. माझ्या हाताचं मलाच भ्याव वाटतंय म्हणते." मी तिला म्हटलं, "कोकराला ऊबच लागते आणि लशीला थंडीच लागते, दोन्ही खरं आहे, हे सांग तिला." तिने सांगितलं म्हणे. पण सांगून काय होतं?

पुढच्या हिवाळ्यात मी परीक्षेच्या कामाला पेडगावच्याच गाडीने निघाले होते. सकाळची वेळ, हाडं गोठवणारी थंडी. पुढच्या बाकावर मनकर्णाबाई होत्या, खांद्यावर घोंगडी आणि हातात थर्मास. नव्या कोकरांची लस. आणायला आपणच जाणार असं त्यांनी घरी सांगितलं होतं, आणि धोंडीबा नाही म्हणाले नव्हते. त्यांनी खिडकी सताड उघडी ठेवली होती. गाडीभर लोक कुरकुरत होते.

मागच्या बाकावरची एक तरुण बाई शेवटी म्हणाली, "मावशी, लावा की खिडकी. लेकरू गारठायलंय माजं."

मनकर्णाबाईंनी वळून त्या तान्ह्याकडे पाहिलं. पाहतच राहिल्या. मग अंगावरची घोंगडी काढली, मागे वाकून लेकराभोवती स्वतःच्या हाताने नीट गुंडाळली आणि पुन्हा पुढे तोंड करून बसल्या. खिडकी त्यांनी लावली नाही.

मी उठून जवळ गेले. "मावशी, थर्मासात बर्फ आहे ना? वाऱ्याची गरज नाही त्याला. लावा खिडकी."

"ठावं हाय, म्याडम. बबीनं सांगितलंय," त्या म्हणाल्या. त्यांचे दात वाजत होते. "पर मन धजंना."

मी त्यांच्या शेजारी बसले. लुगड्याचा पदर वाऱ्याने फडफडत होता. खड्ड्यांतून गाडी उसळली की त्या थर्मास दोन्ही हातांनी घट्ट धरायच्या, पण अंगापासून लांब, गुडघ्यांच्या टोकावर. हात कापायला लागले तरी पेडगाव येईपर्यंत त्यांनी तो एकदाही पोटाशी घेतला नाही.