हजार लिरांची अव्वा

वीरण्णाला नांदेडात सगळे चेनवाला म्हणतात. गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर त्याचं टपरीएवढं दुकान आहे. सूटकेसची चेन बदलायची, चाकं बसवायची, फाटलेलं अस्तर शिवायचं. इंग्लंड-इटलीहून दर्शनाला येणाऱ्या शीख कुटुंबांच्या काही बॅगा फार जुन्या असतात. अस्तर उसवलं की आतून काय वाटेल ते निघतं: हेअरपिना, सुकलेली वेलची आणि नोटा. जर्मनीचे मार्क, फ्रान्सचे फ्रँक, इटलीचे लिरा. युरो आला आणि त्या साऱ्या मेल्या. वीरण्णा नोट पुढे करायचा, तर गिऱ्हाईक हसायचं, "रख लो भाई, ये अब वहाँ भी नहीं चलता."

तो ठेवायचा. लग्नाच्या अल्बममधले फोटो काढून त्यानं त्यात नोटा लावल्या. बायको वर्षाराणी करवादायची, "लोकं चालत्या नोटा जमवतेत. आमच्याकडं मेलेल्यांची भरती!"

तो नोटांवरचे चेहरे का जपतो, ते तिला ठाऊक होतं. वीरण्णा किल्लारीकडचा. त्र्याण्णवच्या भूकंपात आई-बाप गेले आणि भिंतीवरचे फोटोही गेले. तेव्हा तो पाच वर्षांचा होता. दगडमातीतून त्याला उपसून काढलं तेव्हा शेजारी अव्वा, त्याची आई, दिसली होती. डोळे मिटलेले, केस पांढरे. आईची म्हणून तेवढीच आठवण त्याच्यापाशी होती. औशाच्या महादेवी मावशीनं त्याला वाढवलं, पण तिच्यापुढे भूकंपाचं नाव काढायची सोय नव्हती. काढलं की ताट सरकवून उठायची.

मग एका लाल सूटकेसमधून इटलीची हजाराची नोट निघाली. तिच्यावर एक वयस्क बाई, भरल्या चेहऱ्याची, केस पिकलेले, नजर मायाळू. पाठीमागं अभ्यासाला बसलेली दोन पोरं. वीरण्णानं ती उजेडात धरली. अव्वा!

यंदा त्यानं घर बांधलं. घरभरणीला भिंतीवर अव्वाचा फोटो हवाच, असं त्यानं मनात धरलं. नोट घेऊन तो भागवत फोटोवाल्याकडे गेला.

भागवत म्हणाला, "पदर टाकतो, कपाळाला इभूत लावतो. केस काळे करू का?"

"नको. अव्वाचे पांढरेच होते."

फक्त मावशीनं एकदा हो म्हणायचं राहिलं होतं. आईला ओळखणारं दुसरं होतंच कोण? वीरण्णा एसटीनं औशाला गेला. मावशी शेंगा फोडत बसली होती. त्यानं नोट तिच्या हातात दिली.

"कोण गं ही?"

"मला काय ठावं? कोण मडम हाय?"

"अव्वा न्हाई का? नीट बघ की. केस बघ."

मावशीनं चष्मा वर सरकवला. "अक्का? येडा हायेस का वीरू? अक्काचे केस काळेभोर, कमरेखाली. येणी घालायला मी लागायची. सव्वीस वर्षांची होती रे ती. आज तुझ्याहून लहान."

"मी बघितलंय मावशी. पांढरे होते."

मावशीनं शेंगा बाजूला सरकवल्या, पण उठली नाही. 

"कोसळलेल्या धाब्याची माती होती ती. पांढरी माती. तू बी पांढराच निघाला होतास. तुला मी धुतलं. तिला धुवायच्या आधीच नेलं."

  वीरण्णानं इतकी वर्षं जपलेला एकुलता एक चेहरा, तोही मातीचा निघाला.

मावशीनंच नोट पदरानं पुसली. "लाव हाच फोटो. आज असती तर पिकलेच असते की केस."

"न्हाई," तो म्हणाला. "नोट तुझ्यापाशीच राहू दे."

घरभरणी झाली. भिंत मोकळी बघून पाहुण्यांनी विचारलंच. वर्षाराणीनं "फोटो यायचाय" म्हणून ठोकून दिलं. मावशी आली होती. ती जेवली, आणि त्या भिंतीकडे पाठ करूनच बसली.

वीरण्णा अजून सूटकेसा शिवतो. अस्तरातून नोट निघाली तर तिच्यावर कोण आहे ते बघत नाही, पुढे करतो. गिऱ्हाईक नको म्हणालं, तर ती होती तिथंच आत सारतो आणि वरून अस्तर शिवून टाकतो.