ओळखलंत का?

माणूस म्हणजे त्याची स्मृती, हे सभागृहात ऐकताना फार पटतं. घरी मात्र आपण त्या स्मृतीला एकच काम देतो: आपलं नाव सांगण्याचं.

रविवारी मी बाजारातून परतलो, तेव्हा माझी मावशी तिच्या मुलीबरोबर, नंदाबरोबर, आमच्याकडे आली होती. मावशीला अल्झायमर आहे. माझ्याबरोबर आत शिरलेले शेजारचे काका तिच्यापुढे वाकून म्हणाले, "काय मावशी, ओळखलंत का? सांगा बघू मी कोण?"

मावशी हसली. "या ना, बसा."

"ते राहू दे. नाव सांगा!"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. या आजारात नाव सुटतं, पण ते सुटल्याची लाज बराच काळ शिल्लक राहते. म्हणून हल्ली ती सगळ्यांना, पोटच्या मुलीलाही, "अहो" म्हणते. समोर कोण आहे ते कळेना, की "तुम्ही" सोयीचं पडतं. पाहुण्यांना ती अदब वाटते.

"काका, सरळ नाव सांगा की," नंदा म्हणाली. "तोंडी परीक्षा कसली घेताय?"

काका ओशाळले. मी त्यांच्याहून जास्त ओशाळलो, कारण पुढचा नंबर माझा होता आणि माझ्याही ओठांवर तोच प्रश्न होता. तो गिळून मी म्हणालो, "मावशी, मी विनू. तुझ्या ताईचा मुलगा."

तिचा चेहरा सैलावला. "बरं झालं सांगितलंत. आता चहा घेतल्याशिवाय जायचं नाही हं."

घर माझं होतं.