चार बोटं खाली

उजवा स्तन काढला तेव्हा ती रडली नाही. रडली ती दीड महिन्यानं, केस विंचरायला हात वर नेला आणि तो खांद्यापाशीच अडला तेव्हा. छातीवरून काखेत गेलेला व्रण आतून फासळ्यांना चिकटत चालला होता. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "रोज दोनदा तेल लावून दाबून चोळायचं, कातडी हलती ठेवायची. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. दुखेल. दुखतं म्हणून थांबलात तर हात तिथंच राहील."

आणि हात तिथंच राहून भागणार नव्हतं. ती लॉन्ड्रीत कामाला. इस्त्री झालेले कोट नि झगे हँगरला लावून डोक्यावरच्या दांडीला अडकवायचे, दिवसाला दोनशे. मालकिणीनं चार महिने जागा राखली होती. एवढं तरी कोण करतं हो हल्ली?

नवरा सुतार. तोही असा, की दारात सूतभर फट राहिली तर त्याला जेवण गोड लागायचं नाही. तो लॉन्ड्रीत जाऊन दांडीची उंची मोजून आला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यानं पेन्सिलीनं रेघ मारली. "इथवर बोट पोचलं की तू जिंकलीस!" काखेच्या मागं तिचा डावा हात जोर धरत नव्हता, म्हणून चोळायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं. तो मान वळवून चोळायचा. ती उशी चावायची, मधूनच ओरडायची, "अहो, बायको आहे मी, फळी नव्हे!" मग दोघंही जरा हसायची.

तिसरा महिना सरता सरता एका सकाळी बोट रेघेला टेकलं. "झालं बाई एकदाचं!" म्हणत ती स्वयंपाकघरातच नाचली. त्या दिवसापासून चोळणं बंद, भिंत बंद. पुढंही हे चालू ठेवायचं असतं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. दुखणं संपल्याचा आनंदच एवढा मोठा होता.

महिन्यानं ती कामावर गेली. पहिलाच कोट उचलला. हात वर गेला आणि दांडीच्या वीतभर खाली थांबला. टाचा उचलल्या, कण्हत रेटून पाहिलं. कोट जमिनीवर. मग डाव्या हातानं तीस-एक टांगले, तोही भरून आला. दुपारी मालकीण जवळ येऊन म्हणाली, "जीव तुटतो गं, पण दांडी खाली घेतली तर झगे लोळतील." उद्यापासून दुसरी बाई येणार होती.

निघताना तिनं दुकानातल्या टेपनं दांडी मोजली. तशीच ती व्यायामवाल्या बाईंकडे गेली. त्यांनी व्रणावर बोटं दाबून पाहिली. "महिनाभर सोडलंत? आता थोडं सुटेल. सगळं सुटेल असं नाही सांगता येत."

घरी येऊन तिनं रेघ मोजली. दांडीपेक्षा चार बोटं खाली.

संध्याकाळी नवरा आला. टेप तिच्या हातातच होती. "तुमच्या हातून मोजण्यात चूक होत नाही," ती म्हणाली.

त्यानं एकदा रेघेकडे पाहिलं. "आधी बरोबरच मारली होती. पंधराएक दिवसांनी पुसली आणि खाली घेतली. तू अंघोळीला गेली होतीस. तुझं रडणं बघवेना गं."

क्षणभर तिला त्याची कीव आली. मग चोळताना वळवलेली त्याची मान आठवली आणि अंगाची लाही लाही झाली.

"माझं रडणं बघवेना, की माझी छाती?"

त्यानं तिच्या हातातली टेप काढून घेतली नि बाजूला ठेवली. खोटं बोलला असता तरी तिनं ऐकून घेतलं असतं.

"छाती," तो म्हणाला. "हात लावला की किळस यायची."

"मग तेव्हाच सांगायचं होतंत ना," ती म्हणाली. "बहिणीकडून चोळून घेतलं असतं मी. माझा हात तरी वाचला असता."